रंगाचा जमाखर्च आणि बिछडीच्या विहिरी

कापडाचा व्यापार करणाऱ्या आमच्या वाचकांस आपल्या खतावणीतील प्रत्येक रकमेचा उगम ठाऊक असतो. सूत कोणत्या भावाने घेतले, मागावरची मजुरी काय पडली, रंगणावळ किती, गाडीभाडे किती, दलाली किती, हे ते पै-पैशाच्या हिशेबाने सांगू शकतात. परंतु एक खर्च असा आहे की तो कोणाच्याही वहीत आढळत नाही, आणि तरीही कोणी तरी तो भरीतच असतो. रंग तयार करताना व तो कापडावर चढविताना जे पाणी नासते, ते पुन्हा पिण्याजोगे करण्याचा हा खर्च होय. व्यापाऱ्याने व कारखानदाराने तो आपल्या वहीत मांडला नाही म्हणजे तो नाहीसा होतो असा पुष्कळांचा समज आहे. तो नाहीसा होत नाही. दुसऱ्याच्या नावे पडतो. कोणाच्या नावे पडतो व किती पडतो, याचा इतका चोख हिशेब क्वचितच लागतो, जितका राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी नावाच्या खेड्याच्या बाबतीत लागला आहे. म्हणून आज ती हकीकत आम्ही वाचकांपुढे सविस्तर ठेवीत आहो.

बिछडीजवळ एकाच मालकीच्या चार-पाच रासायनिक कारखान्यांचे एक आवार होते. त्यांपैकी ‘सिल्व्हर केमिकल्स’ या कारखान्याने १९८७ साली ‘एच् ॲसिड’ नावाचा पदार्थ करण्यास आरंभ केला, व ‘ज्योती केमिकल्स’ हा दुसरा कारखानाही त्याच कामास लागला. हा सर्व माल परदेशी पाठविण्याकरिता होता. एच् ॲसिड हा स्वतः रंग नव्हे, तो रंगाचा कच्चा माल आहे. सुती कापडावर पक्का काळा किंवा गडद निळा रंग चढविणारी जी आधुनिक रंगद्रव्ये आहेत, त्यांतील कित्येकांचा तो पाया होय. त्याचा जन्म होतो तो ज्या नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या आमच्या घरोघरी कपड्यांच्या पेटीत टाकीत असत त्याच नॅफ्थलीनपासून. त्यावर प्रथम गंधकाम्लाची, मग नत्राम्लाची क्रिया करतात. नंतर लोखंडाचा कीस घालून त्याचे रूपांतर करतात. शेवटी दाहक सोड्याबरोबर दाबाखाली तापवून, पुन्हा आम्ल घालून माल वेगळा काढतात. आता ज्याने स्वयंपाकघरात ताकापासून लोणी निघताना पाहिले आहे त्यास हे सहज कळेल की, लोणी निघाले म्हणजे ताक कोठे जात नाही. येथे मागे उरते ते काळे, जाळणारे, आम्लयुक्त पाणी, लोखंडाचा विषारी गाळ, आणि आम्ल चुन्याने मारल्यामुळे झालेला जिप्समचा गाळ.

किती उरते? सर्वोच्च न्यायालयापुढे जे आकडे आले ते असे: ह्या कारखान्यांत एकंदर सुमारे ३७५ टन एच् ॲसिड तयार झाले. त्यापायी ८,२५० घनमीटर विषारी सांडपाणी व सुमारे २,४४० टन गाळ निघाला. म्हणजे एक टन माल पेटीत भरून बंदरावर रवाना व्हावयाचा, तर साडेसहा टन गाळ व बावीस हजार लिटर जहरी पाणी मागे गावात राहावयाचे. धंद्याची ही तऱ्हा पाहून जो मालक सांडपाण्याची व्यवस्था अगोदर करील त्यास दूरदर्शी म्हणावयाचे असे नाही; न करील त्यास मात्र काय म्हणावे याचा निर्णय वाचकांनीच करावा. आवश्यक त्या परवानग्या घेतल्यावाचून, आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रसामग्रीवाचून हे कारखाने चालविले गेले, असे न्यायालयाने आपल्या निकालपत्रात नमूद केले आहे. पाणी मोकळे सोडून दिले. गाळ आवारात व आवाराबाहेर उघड्यावर टाकला. वरून पाऊस पडला, आणि जे जमिनीवर होते ते जमिनीच्या पोटात गेले.

पुढे जे झाले ते गावातील पोहऱ्याने सांगितले. विहिरींतून पाणी येऊ लागले ते काळपट. माणसांनी प्यावे असे ते राहिले नाही, गुरांनी तोंड लावावे असे राहिले नाही, आणि शेतात सोडावे तर जमीनच नासू लागली. गावकऱ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. शेवटी ते इतके खवळले की जिल्हाधिकाऱ्यांस १४४ कलम पुकारावे लागले, आणि जानेवारी १९८९ मध्ये सिल्व्हर केमिकल्स बंद झाला. कारखाना दोन वर्षेसुद्धा धडपणे चालला नाही. हे वाचकांनी विशेष ध्यानात धरावे, कारण पुढील सर्व हकीकत ही ह्या जेमतेम दोन वर्षांच्या कमाईची फेड आहे.

नदी नासली तर ती पावसाळ्यात थोडीबहुत धुऊन निघते, निदान घाण पुढच्या गावास पोहोचते. विहिरीस तीही सोय नाही. जमिनीखालचे पाणी खडकाच्या भेगांतून व मुरमातून मुंगीच्या पावलांनी चालते. त्यात एकदा विष मिसळले की ते तेथेच मुरून बसते, व वरचा गाळ जोवर हलविला नाही तोवर दर पावसाळा त्यात नवी भर घालतो. कारखान्याच्या दारास कुलूप लावून विहीर बरी होत नाही. बिछडीत कारखाना बंद झाला तरी पाणी निवळले नाही, ते याच कारणाने. न्यायालयाने हुकूम सोडला की गाळ उचलून सुरक्षित खड्ड्यांत भरावा. तेव्हा २,४४० टनांपैकी जेमतेम ७२० टन गाळ खड्ड्यांत गेला. बाकीचा आसपासच्या जमिनीवर पसरून वर माती लोटण्यात आली होती असे पाहणीत दिसून आले. घरातील केर सतरंजीखाली सारणाऱ्या सुनेस आमच्याकडे नावे ठेवतात; येथे सतरंजी म्हणजे दुसऱ्याचे शेत होते!

हा प्रकार केवळ आपल्याच देशात घडतो, किंवा आपल्या लोकांसच विज्ञान पचत नाही, असे मात्र कोणी समजू नये. कृत्रिम रंगांचा धंदा युरोपात १८५६ नंतर सुरू झाला, आणि दहा वर्षांच्या आतच स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी त्याने विहिरी नासविल्या. किरमिजी रंग करण्याकरिता तेथे सोमलाच्या आम्लाचा उपयोग करीत. ते पाणी जमिनीत मुरले, शेजारची माणसे आजारी पडली, आणि १८६४ च्या सुमारास प्रकरण न्यायालयात जाऊन कारखानदारास भरपाई द्यावी लागली. पाश्चात्त्यांनी हा धडा फुकट घेतला नाही, तसा फार लवकरही घेतला नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी असल्या धंद्यांवर कडक निर्बंध घातले. त्याचा परिणाम काय झाला? बिछडीच्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी स्पष्टच लिहिले आहे की, पाश्चात्त्य देशांत एच् ॲसिड करण्यास बंदी झाल्याचे आम्हांस सांगण्यात आले, तथापि त्याची गरज तेथे कायमच आहे, व ती गरज आपल्याकडचे असले कारखाने भागवितात. म्हणजे माल त्यांचा, नफा कारखानदाराचा, आणि विहीर बिछडीकराची. परदेशी व्यापाराने देश सधन होतो हे आम्हांस मान्य आहे. पण बाझलच्या विहिरीत जे सव्वाशे वर्षांपूर्वी मावले नाही ते बिछडीच्या विहिरीत ओतून होणाऱ्या व्यापारास निर्यात म्हणावयाचे की आयात, हा प्रश्न अर्थशास्त्र्यांनी सोडवावा.

आता हिशेबाकडे वळू. १९८९ साली एका लोकहितवादी संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने नुकसानीची पाहणी करण्याचे काम आमच्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे ‘नीरी’कडे सोपविले. नीरीच्या शास्त्रज्ञांनी विहिरींतील पाणी, माती व गाळ यांची तपासणी करून १९९४ मध्ये अहवाल दिला. सुमारे ३५० हेक्टर जमीन नासली होती. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. त्यातील तत्त्व थोडक्यात असे की, जो नासवील त्याने भरावे. नुकसान मुद्दाम केले की हयगयीने झाले, खबरदारी घेतली होती की नव्हती, ही चर्चाच नको. धोक्याचा धंदा करून त्यापासून नफा घेणाऱ्याने त्या धंद्याने झालेली हानी पुरती भरून दिली पाहिजे; आणि हानी म्हणजे केवळ माणसांचे नुकसान नव्हे, तर जमीन व पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही तीत धरला पाहिजे. पुढे ४ नोव्हेंबर १९९७ च्या हुकुमाने ही रक्कम ठरली: ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये.

व्यापारी वाचकांनी येथे क्षणभर थांबून एक साधा भागाकार करावा. ही रक्कम ३७५ टनांवर वाटली तर टनामागे सुमारे दहा लाख, म्हणजे किलोमागे सुमारे एक हजार रुपये पडतात. ह्या मालाच्या बीजकावर ही रक्कम कधी दिसली नाही. ती दिसली असती तर परदेशच्या गिऱ्हाइकाने माल घेतलाच नसता, किंवा घेतला असता तर पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था आधीच झाली असती, कारण व्यवस्थेचा खर्च ह्या दंडाच्या मानाने अगदीच थोडा आला असता. माल स्वस्त पडला तो कारखानदाराच्या हुशारीने नव्हे. टनामागे दहा लाख रुपये बिछडीच्या शेतकऱ्याच्या नावे, त्यास न विचारता लिहिले गेले म्हणून.

बरे, रक्कम ठरली म्हणजे मिळाली काय? मुळीच नाही. अर्जांमागून अर्ज, फेरविचाराच्या विनंत्या, पुन्हा अर्ज, असे करीत जवळजवळ चौदा वर्षे गेली. १८ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या सर्व कालहरणावर कडक ताशेरे झाडले, आणि मूळ रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज व वर खर्चाचे दहा लाख रुपये भरण्याचा हुकूम दिला. बारा टक्के चक्रवाढीने रक्कम सहा वर्षांत दुप्पट होते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या हिशेबाने २०११ साली येणे पावणेदोनशे कोटींच्या घरात जाते. कोर्टाची पायरी चढून दिवस काढणे हाही ज्यांस धंद्याचा एक भाग वाटतो त्यांनी हा आकडा आपल्या गादीवर लिहून ठेवावा. पण दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. ज्या बाईने पाण्यासाठी दुसऱ्या गावी खेपा घातल्या, तिच्या खेपा चक्रवाढीने परत येत नाहीत. गावकऱ्यांच्या वैयक्तिक नुकसानीचे काय, यावर १९९६ च्या निकालात इतकेच सांगितले आहे की त्यांनी दिवाणी न्यायालयात स्वतंत्र दावे लावावेत, व ते नादार म्हणून कोर्ट फी न भरता आले तर सरकारने हरकत घेऊ नये. विहिरीपायी जो नादार झाला त्यास नादारीत दावा लावण्याची सवलत! न्यायाचा हा मार्ग चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही; तो फार लांबचा आहे, आणि तहान लांबचे पाहत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आतापर्यंत आम्ही रंगाच्या जन्माची गोष्ट सांगितली. पण रंग कारखान्यातून निघून कापडावर चढताना दुसऱ्यांदा पाणी नासतो, आणि हा भाग आमच्या कापडबाजारास अधिक जवळचा आहे. सुती कापडास जे आधुनिक रंग देतात त्यांचा बराच हिस्सा, प्रसंगी तिसरा हिस्सादेखील, धाग्यास न चिकटता धुण्याच्या पाण्यातून निघून जातो. शिवाय रंग धरावा म्हणून हौदात मिठाचा अथवा तत्सम क्षाराचा भरणा करावा लागतो. रंग डोळ्यास दिसतो म्हणून त्याची ओरड होते. मीठ दिसत नाही, नेहमीच्या शुद्धीकरणाने ते निघतही नाही, आणि जमीन खारी करण्याचे काम तेच अधिक करते.

तमिळनाडूतील तिरुप्पूर हे विणकामाच्या कपड्यांचे आपल्या देशातील पहिल्या प्रतीचे शहर. तेथील रंगशाळांचे पाणी नोय्यल नदीत जाई. त्या नदीवर खालच्या अंगास ओरत्तुपाळयम येथे शेतकऱ्यांच्या सोयीकरिता धरण बांधून १९९२ च्या सुमारास पुरे झाले. त्यात साचले ते रंगशाळांचे खारे पाणी! ज्या शेतकऱ्यांकरिता धरण बांधले त्यांनीच ‘हे पाणी आमच्या शेतात सोडू नका’ म्हणून न्यायालय गाठले. न्यायालयाने मुदती दिल्या, मुदती संपल्या, पुन्हा दिल्या. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, पाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत तेथील रंगशाळा बंद ठेवण्याचा हुकूम दिला, आणि सातशेहून अधिक रंगशाळा बंद पडल्या. मजुरांची रोजी गेली, व्यापाऱ्यांचे सौदे अडले, गावचा पैसा अडकला. त्यानंतर तेथील लोकांनी ती व्यवस्था केली. सामुदायिक केंद्रांत सूक्ष्म पडद्यांतून दाबाने पाणी गाळून ते परत रंगाच्या हौदात घेतात, व उरलेले खारे पाणी आटवून मीठही पुन्हा वापरतात. खर्च मोठा आहे यात शंका नाही. पण तिरुप्पूरचा व्यापार बुडाला नाही. तेथून आजही कपडे जगभर जातात. जी गोष्ट २०११ नंतर करता आली ती १९९२ मध्ये केली असती तर एक धरण, एक नदी व हजारो एकर जमीन वाचली असती, एवढाच काय तो फरक.

आता घरचे. इचलकरंजीस आपण अभिमानाने महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. हे शहर पंचगंगेच्या काठी आहे. पण आज त्यास पंचगंगेच्या पाण्याचा भरवसा वाटत नाही. शहराने कृष्णेवरून पाणी आणले. मग वारणेकडे हात पसरला, तेव्हा वारणाकाठचे लोक विरोधास उभे राहिले. मग दूधगंगेकडे वळले, तेव्हा दूधगंगेच्या काठचे लोक उभे राहिले. दारात नदी असता दुसऱ्याच्या नदीकरिता भांडावे लागणे याहून चमत्कारिक स्थिती कोणती? ह्या दोषाचे खापर एकट्या रंगशाळांवर फोडणे मात्र न्यायाचे होणार नाही. पंचगंगेत कोल्हापूरचे मैलापाणी येते, साखर कारखान्यांचे येते, खुद्द इचलकरंजीचेही येते. आणि २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीस काविळीची जी मोठी साथ आली ती रंगाने नव्हे, मैल्याने आली. असल्या साथी पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यानेच येतात. कारखानदाराकडे बोट दाखविणाऱ्या नगरवासीयांनी आपल्या घरामागचे गटार कोठे जाते हेही एकदा चालत जाऊन पाहावे.

कोणी म्हणेल, कायदे आहेत, मंडळे आहेत, ती पाहून घेतील. कायद्यांची आपणांस वाण नाही. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला. केंद्र सरकारचा १९७४ मध्ये झाला. बिछडीतही तो लागू होताच. अडचण अशी की मंडळाचा अधिकारी येतो तो पाणी नासल्यावर, आणि न्यायालय येते ते त्याच्याही नंतर. कोणी असेही म्हणेल की लहान रंगशाळावाल्यास हा खर्च झेपणार नाही, तो बुडेल, त्याचे मजूर उपाशी राहतील. हा आक्षेप खोटा नाही, व त्याचा विचार केलाच पाहिजे. परंतु खर्च कापडाच्या भावात मांडला तर तो लाखो गिऱ्हाइकांत वाटला जातो. न मांडला तर एका गावावर पडतो, आणि त्या गावात रंगशाळावाल्याहून गरीब माणसे राहतात. लहानांनी मिळून सामुदायिक केंद्र चालवावे, त्याची पट्टी प्रत्येकाने पाण्याच्या मापाप्रमाणे भरावी, आणि मापाचे यंत्र केंद्राच्या ताब्यात असावे, ज्याच्या त्याच्या नव्हे. आम्हांस ठाऊक असलेल्या पुष्कळ तक्रारी ह्या शेवटच्या बारीकशा गोष्टीशी येऊन थांबतात.

व्यापाऱ्यांच्या हाती याहून सोपे एक साधन आहे. रंगशाळेस काम देताना ते भाव ठरवितात, मुदत ठरवितात, रंग उडाल्यास कापावयाची रक्कमदेखील ठरवितात. त्याच मागणीपत्रात एक कलम वाढवावे: सांडपाण्याचा गाळ कोठे गेला त्याची पावती बिलासोबत जोडावी. घातक कचऱ्याचे नियम १९८९ पासून आहेत, आणि महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे तो शास्त्रोक्त रीतीने पुरण्याची सोय आहे. तेथे गेलेल्या प्रत्येक गाडीचा कागद होतो. ज्याच्यापाशी कागद नाही त्याचा गाळ कोठे तरी आहेच. मार्केटातील मंडळांनी हे कलम एकाच दिवशी सर्वांनी मिळून घातले तर कोणा एकाचा भाव चढून गिऱ्हाईक तुटण्याची भीती उरत नाही. नगरपालिकांनी आपल्या बाजूने कारखान्यांच्या आसपासच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा तपासून त्याचे आकडे कचेरीच्या दारावर लावावेत, आणि ते आकडे लावण्यापूर्वी कारखानदारास दाखविण्याची चाल मोडून काढावी.